हात लावला की धूर

मोटर तापली आहे का हे पाहायचं असलं, की मी गिऱ्हाइकालाच हात लावायला सांगतो. मलकापूरच्या बाहेर हायवेला लागून माझं दुकान आहे. विहिरीच्या मोटरी, कूलर, पिठाच्या चक्क्या, जे येईल ते दुरुस्त करतो. माणसं हसतात. परवा एकानं तोंडावरच विचारलं, "काऊन हो मिस्त्री, करंटचं भेव वाटते का तुमाले?" मी म्हणालो, "हाव बा, वाटते." खरं कारण सांगायला बसलो असतो तर त्याची मोटर संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली असती. शिवाय ते कारण दिवसाउजेडी सांगितलं तर माणूस खुळा वाटतो.

मी पूर्वी जिनिंगमध्ये होतो. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि उरलेली रुई दाबून तिच्या गठाणी बांधायच्या, असा कारखाना. हंगामात दोन पाळ्या चालायच्या. एका पाळीला एक मिस्त्री आणि दोघांच्या डोक्यावर मोठा मिस्त्री. एका पाळीचा मिस्त्री मी होतो. मला मोठा मिस्त्री व्हायचं होतं. आडपडदा कशाला ठेवू, फार व्हायचं होतं. माझ्या बापानं त्याच आवारात जन्मभर हमाली केली. मी लहान असताना हंगामाच्या मुहूर्ताला त्याच्याबरोबर जायचो. जिनिंगमध्ये काडीपेटी म्हणजे पाप. वर्षभर गेटवर प्रत्येकाचे खिसे तपासून काडीपेट्या काढून घेतात. फक्त मुहूर्ताच्या दिवशी एक काडीपेटी आत जाते, मोठ्या मिस्त्रीच्या खिशात. तो यंत्रासमोर कापूर पेटवतो, ओवाळतो आणि मग खटका दाबतो. शेठ बाजूला हात जोडून उभे असतात. बापानं मला खांद्यावर घेऊन ते दाखवलं होतं आणि म्हणाला होता, "पाय बे, शेठ नाई लावत, मिस्त्री लावते." ती काडीपेटी माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

कापसाची आग लाकडाच्या आगीसारखी नसते. कापसात एखादा खडा, एखादा खिळा येतो, यंत्राच्या पात्यावर घासतो, ठिणगी उडते. तेवढ्यात दिसली तर ठीक. नाही दिसली तर ती रुईबरोबर प्रेसमध्ये जाते आणि गठाणीत बांधली जाते. आत हवा नाही, म्हणून पेटत नाही. पण विझतही नाही. गठाण गोदामात थप्पीला लागते, बाहेरून पांढरीशुभ्र, आणि आत ती खात बसते. किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. मग एखाद्या दुपारी तिला कडेपर्यंत वाट सापडते. मी आजही कापडाच्या दुकानात गेलो, लग्नघरात गाद्यांचा ढीग पाहिला, की मला वाटतं आत काहीतरी जागं आहे.

आमचे मोठे मिस्त्री म्हणजे उस्ताद. मलकापूरचेच, मुसलमान घरातले, बापही यंत्रावर, आजाही यंत्रावर. मला आणि माझ्या जोडीदाराला, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या मिस्त्रीला, दोघांनाही त्यांनीच घडवलं. ते म्हणायचे, "नाक और हथेली, ये दो औजार घर से लाने के. बाकी कंपनी देगी." पाळी सुरू झाली की आधी गोदामात जायचं. थप्पीच्या मधल्या बोळातून चालत एकेका गठाणीवर तळहात ठेवायचा. "पोराले ताप आला की माय कपायाले हात लावते न, तसा." उस्तादांचं मराठी आमच्यापेक्षा गोड होतं. मी ते मनावर घेतलं. पाळीच्या सुरुवातीला हातातला डबा ठेवायचा आणि आधी गोदाम.

जोडीदार मेहकरकडचा. उंचापुरा, हसतमुख, माणूस दिलदार. माझ्या मुलीच्या आजारपणात माझी पाळी त्यानं काढली होती, ते मी विसरत नाही. पण गोदामात तो कधी जायचा नाही. "थप्पी लागली, आपलं काम खतम," म्हणायचा. ऑफिसात जायच्या आधी मात्र नळावर तोंड धुवायचा, अंगावरची रुई झटकायचा, खिशातली फणी काढायचा. मी तसाच जायचो, भुवयांपर्यंत पांढरा. शेठ त्याला खुर्ची द्यायचे. मला द्यायचे नाहीत असं नाही, पण माझ्याकडे पाहिल्यावर आधी खुर्चीच्या गादीकडे पाहायचे.

पहिला धूर माझ्याच पाळीत निघाला. संध्याकाळची वेळ, पाळी नुकतीच बदललेली. मी हात लावत चाललो होतो आणि एक गठाण कोमट लागली. दुसरा हात लावून पाहिला, गाल टेकवला. "ही काढा बाहेर, आत्ताच्या आत्ता," मी ओरडलो. हमालांनी ती आवारात ओढली, पट्ट्या तोडल्या आणि भस्सकन धूर. गठाणी शिवणाऱ्या बाया पदर नाकाला लावून मागे सरकल्या. आत नारळाएवढा काळा गोळा होता, मधोमध लाल. पाणी मारलं, वाळू टाकली, विझली. गोदाम वाचलं. मला वाटलं, आता माझी पाठ थोपटतील.

थोपटली नाही. आमच्याकडे सरळ नियम होता: ज्याच्या पाळीत धूर दिसला, त्याच्या नावावर आग. मी म्हणालो, "पण ही गठाण माह्या पाळीतली नाईच." ते सिद्ध करणं अवघड नव्हतं. गठाणीचं कापड दाभणानं शिवतात. माझ्या पाळीतल्या बाया आडवा-उभा टाका घालायच्या, त्याच्या पाळीतल्या सरळ. या गठाणीवर सरळ टाका होता. मी ते जळकं कापड हातात धरून सगळ्यांना दाखवलं. जोडीदारानं ते पाहिलं, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि हसून म्हणाला, "टाका माहा असन लेका, पण धूर त तुहाच होय." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

त्या हंगामात मी आणखी गठाणी पकडल्या, पुढच्या हंगामातही. काही सरळ टाक्याच्या, काही आडव्या-उभ्या. दरवेळी तेच. मी हात ठेवणार, थांबणार, "काढा" म्हणणार, आणि धूर. जोडीदाराच्या पाळीत एकदाही नाही. कसा निघेल? जो पाहतच नाही त्याला दिसेल कुठून? पण बघणाऱ्यांनी काय पाहिलं? यानं हात लावला आणि धूर निघाला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं एकदा म्हणता येतं. रोज तोच कावळा आणि रोज फांदी, मग लोक कावळ्याकडेच पाहू लागतात.

कुणी मुद्दाम काही केलं नाही, हे मी आज शपथेवर सांगेन. आधी बाया चेष्टेत म्हणायच्या, "भाऊ, माह्या गठाणीले नोका लावू हात." मग ती नुसती चेष्टा राहिली नाही. मी गोदामात शिरलो की बोळातली माणसं दुसऱ्या टोकानं बाहेर पडायची. कुणीतरी नाव ठेवलं, जळका हात. माझ्यासमोर कुणी उच्चारलं नाही, पण मी खोलीत शिरल्यावर जे बोलणं थांबायचं, त्यात ते असायचं.

घरी बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. आंघोळीच्या पाण्याची चूल आमची अंगणात आहे. मला तिथे नेलं आणि म्हणाली, "येवढी आग आहे न हातात, त हे ओलं लाकूड पेटवून द्या बरं आधी. सकायपासून फुकून राह्यली मी." मी हात लावला. लाकूड पेटलं नाही. "पाहा, कामाचे नाई तुमी," ती म्हणाली. त्या दिवशी मी जेवढा हसलो तेवढा नंतर त्या विषयावर कधीच हसलो नाही.

मग उस्ताद थकले, घरी बसले. मोठ्या मिस्त्रीची जागा रिकामी झाली. त्याच सुमारास शेठचा मुलगा, धाकटे शेठ, पुण्याहून शिकून परत आले आणि कारभार पाहू लागले. मुलगा चांगला, खरंच चांगला. सगळ्यांना अहोजाहो करायचा. त्यानं ठरवलं की मोठा मिस्त्री आता वशिल्यानं नाही, मूल्यमापनानं होईल. हंगाम संपल्यावर त्यानं आम्हाला ऑफिसात बसवलं, भिंतीवर चित्रं पाडली आणि माणसाची बुद्धी कशी फसवते ते समजावून सांगितलं. शेवटचं घडलेलं तेवढंच आपल्याला आठवतं. एक गुण आवडला की माणसाचं सगळंच चांगलं वाटतं. एकदा मत बनलं की डोळे त्याचेच पुरावे गोळा करतात, उलटा पुरावा दिसतच नाही. आणि शेवट वाईट झाला की आपण म्हणतो निर्णयच वाईट होता. तो बोलत होता आणि मला वाटत होतं, हा माझीच कुंडली वाचतोय. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मी हात वर केला. म्हणालो, "शेठ, ज्याच्या पाळीत धूर दिसला त्याच्या नावावर आग, हे यातलं कोणतं?"

सगळे खदखदून हसले. धाकटे शेठही हसले, पण लगेच गंभीर झाले. "फार चांगला प्रश्न आहे. यावर आपण नंतर बोलू." नंतर आम्ही चहा प्यालो.

मूल्यमापनाचे गुण आले तेव्हा जोडीदाराला सगळीकडे भरपूर होते. मलाही बरे होते, पण 'सुरक्षितता' या रकान्यात तळाचा गुण. खाली लिहिलं होतं, पाळीत वारंवार आगीच्या घटना. मी म्हणालो, "शेठ, आग लागली नाही. मी पकडली." ते म्हणाले, "मला कळतं हो. पण आकडे समोर दिसतात ना. त्याच्या पाळीत एकही नाही." त्यांनी पेन पुढे केलं. कागदाच्या खाली 'मला मान्य आहे' आणि सहीची जागा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "हे मले मान्य नाई. सही नाई करत मी." त्यांनी समजूत काढली, जोडीदारानं समजूत काढली. मी पेन टेबलावर ठेवलं आणि उठलो.

सही केली नाही हे घरी सांगितलं तेव्हा बायकोनं मला त्या दिवशी गोड खाऊ घातलं. शेजारणीला सांगत होती ते मी आतून ऐकलं, "आमच्या यायनं तोंडावर सांगतलं शेठले, मान्य नाई म्हून."

धाकट्या शेठनी कोणालाच मोठा मिस्त्री केलं नाही. म्हणाले, एक हंगाम पाहू. आणि मला वजनकाट्यावर बसवलं, गेटजवळ. "तुम्हालाही जरा आराम." मी समजायचं ते समजलो. माझ्या पाळीवर जोडीदाराच्या हाताखालचा माणूस आला. मी दिवसभर कापसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या आणि आत सोडायच्या. गोदामाकडे जायची मला मनाई नव्हती. पण गेलो असतो तर कुणी पाहिलं असतं, आणि मग पुन्हा तेच. मी गेलो नाही.

त्या दिवसांत उस्तादांना भेटायला गेलो. खाटेवर बसून होते, पाय सुजलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा पाहिला. मग म्हणाले, "मेरे को भी यही बोलते थे बेटा. जवानी में. फिर मैंने हात लगाना छोड़ दिया."

मी म्हणालो, "मंग आमाले काऊन शिकवलं?"

"छोड़ा नहीं, दूसरे से लगवाया. मले समजे गठाण गरम आहे. मी दुसऱ्याले म्हणे, जा, लाव त हात. धूर त्याच्या नावावर जाये." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "तुझे नहीं बताया. ये सिखाने की चीज नहीं थी."

मी घरी आलो ते सायकल हातात धरून, चालत. कुणाकुणाचा हात त्यांनी लावून घेतला असेल, त्या माणसांचं पुढे काय झालं असेल, हे मला त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. मग ते वारले.

आग त्याच हंगामात लागली, भर दुपारी, जोडीदाराच्या पाळीत. मी काट्यावर होतो आणि मला वास आला. मनात म्हणालो, हा वास माझ्या डोक्यातला आहे. कारण तोवर मला सगळीकडे तोच वास यायला लागला होता, भाकरीत, अंथरुणात, एसटीच्या सीटमध्ये. म्हणून मी बसून राहिलो. मग कुणीतरी किंचाळलं. पळत गेलो तेव्हा थप्पीचा एक अख्खा कोपरा पेटला होता. गठाणी ओढायला सगळेच लागले. टाका घालणारी एक बाई होती, माझ्या पाळीत वर्षानुवर्षं काम केलेली, मला भाऊ म्हणायची, राखी बांधायची. तिचा हात कोपरापर्यंत भाजला. बंब आला, विझलं, पण गोदामाचा तो भाग गेला.

दुसऱ्या दिवशी धाकटे शेठ राखेत उभे होते. मी न जळालेल्या थप्पीतून हात लावत गेलो, पहिल्यांदाच त्यांच्यासमोर. एक गठाण कोमट लागली. ती बाहेर काढून फोडली. आत तोच काळा गोळा. "ही माह्या पाळीतली नाई शेठ," मी म्हणालो. "माही पाळीच नाई औंदा. ही आतच होती. कोणी हात लावला असता त काल सापडली असती." त्यांनी वाकून पाहिलं. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मी चुकलो," म्हणाले. "मीच तुम्हाला ते सगळं शिकवलं आणि मीच फसलो." ते नाटक नव्हतं. पुढच्या हंगामाला मोठा मिस्त्री तुम्ही, त्यांनी तिथेच सांगितलं, सगळ्यांसमोर. जोडीदारानं मला मिठी मारली. मी रडलो. बापाची आठवण झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

हंगाम जवळ आला तशी माणसं कमी पडायला लागली. गठाणीवरच्या बाया येईनात. कुणी सोयाबीनच्या कामावर गेली, कुणाचं सासर आडवं आलं. मी त्या भाजलेल्या बाईच्या घरी गेलो. तिनं चहा ठेवला. हातावरची कातडी गुलाबी, ताणलेली. मी विचारलं, "काऊन बाई, येत नाई का औंदा?"

ती खाली पाहत राहिली. "तुमच्यावर राग नाई भाऊ. देवाशपथ नाई. पण लेकरं आहेत माही."

"अवं, ते त्याच्या पाळीत झालं. मी त गेटावर होतो."

"हाव न," ती म्हणाली. अगदी हळू, मला दुखू नये म्हणून. "गाड्या तुमीच आत सोडे न भाऊ."

कोणत्या गठाणीचा कोणता टाका दाखवू? मी पाळीवर असलो तर हाताचा दोष, गेटवर असलो तर नजरेचा. घरी बसलो असतो तर म्हणाले असते, याचा तळतळाट लागला. तिनं चहा दिला. कप माझ्या हातात न देता खाली जमिनीवर ठेवला, माझ्यापासून जरा लांब. तिला कळलंही नसेल. मी तो उचलून प्यालो आणि निघालो. रस्त्यात मी माझा तळवा गालाला लावून पाहिला. गरम होता. चहाच्या कपानं तापला होता, मला माहीत होतं. तरी मी पुन्हा लावून पाहिला.

मुहूर्ताच्या दिवशी बायकोनं मला नवा सदरा घालायला लावला. निघताना काडीपेटी तिनंच खिशात घातली, देवापुढची. गेटवर वॉचमननं खिसे तपासले, काडीपेटी पाहिली आणि सलाम केला. पहिल्या गाडीला हार घातलेला, शेतकऱ्याला टॉवेल-टोपी दिलेली, यंत्राला हळद-कुंकू लावलेलं. कमी पडलेल्या जागी बाहेरगावची नवी माणसं आणली होती. जुनी होती ती मागे. धाकटे शेठ हात जोडून उभे, अगदी मोठे शेठ उभे राहायचे तिथे.

मी तबकातल्या कापरासमोर उभा राहिलो आणि काडीपेटी काढली. आवारात एकदम शांत झालं. मुहूर्ताला कधी शांतता नसते. पोरं ओरडतात, बाया बोलतात. मी मान वळवली. बायांनी पदर नाकाला लावले होते. आधीच. धूर नव्हता, काडी ओढलेली नव्हती, पण पदर वर गेले होते. वाळूच्या लाल बादल्या एरवी भिंतीला टांगलेल्या असतात, त्या कुणीतरी काढून रांगेत ठेवल्या होत्या. आणि धाकट्या शेठच्या पायाशी आग विझवायचं नळकांडं होतं. मी त्याकडे पाहिलेलं त्यांनी पाहिलं. ते ओशाळले. "काही नाही, सेफ्टी म्हणून," म्हणाले आणि पायानं ते जरा मागे सरकवलं.

मला राग यायला हवा होता. त्या दिवशी पेन टेबलावर ठेवलं तसा. यायला हवा होता, आणि आला नाही. त्याऐवजी वास आला. काडी पेटीतच होती आणि मला जळत्या रुईचा वास आला, नाकातोंडात भरला. तळवा असा तापला की काडीपेटी हातात धरवेना. मला वाटलं, हे इतके जण, इतकी वर्षं, सगळेच कसे चुकतील? त्यांच्यात ती बाई होती, भाजलेला हात पदरात घेऊन, येणार नाही म्हणाली होती तरी आलेली. मी एकटाच बरोबर आणि हे सगळे खुळे? असं कुठं असतं का?

मी काडीपेटी जोडीदाराच्या हातात दिली. "तू लाव," म्हणालो.

तो गडबडला. "अबे, तुहा मान हाय."

"लाव न बे, सांगून राह्यलो."

त्यानं लावली. कापूर पेटला, आरती झाली, खटका त्यानंच दाबला. यंत्र सुरू झालं, टाळ्या पडल्या. पदर खाली आले. ती बाई माझ्याकडे पाहून हसली, इतकी मोकळी, इतकी मायेनं, की मला तिचे आभार मानावेसे वाटले. धाकट्या शेठनी सोडलेला श्वास मी ऐकला.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती, पेढे घेऊन. शेजारणीही होती. "लागला का कापूर?" तिनं विचारलं.

"लागला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल काढत होतो, ती काढायला मला फार वेळ लागला. "कोणाच्या हातानं?"

मी सांगितलं. शेजारणीनं काहीतरी निमित्त काढलं आणि निघून गेली. बायको पेढ्याचा पुडा हातात घेऊन उभीच होती. मला वाटलं ती शेठला शिव्या देईल, बायांना देईल. ती कुणालाच बोलली नाही.

"त्या कागदावर सही नाई केली तुमी," ती म्हणाली, "म्हून मी गावभर ताठ मानेनं फिरली." तिनं पुड्याचा दोरा पुन्हा बांधला. "आज केली न मंग सही."

दिवेलागण झाली होती. रोज संध्याकाळी देवापुढचा दिवा मी लावायचो. काडीपेटी जोडीदाराकडेच राहिली होती. बायको आत गेली, चुलीजवळची दुसरी काडीपेटी घेऊन आली, आणि माझ्यापुढे धरायच्या ऐवजी दिवा तिनंच लावला.